पुढची दुरुस्ती कोण करणार?

बोरिवली (पश्चिम)
डिसेंबर २०२५

चि. सोनूस,


मुलुंडच्या तुमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकाचं काय करावं, असं तू विचारलं आहेस. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. आणि कमिटीत तीन मतं. कोणी म्हणतं नवा घ्या, कोणी म्हणतं चालतोय तोवर चालू द्या, आणि कोणी म्हणतं काहीतरी युक्ती करून त्यावर विंडोज ११ चढवा. तिन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की मुदत संपली ती संगणकाची. मला ते पटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली ती विंडोज १० ची मोफत देखभाल. त्या दिवशी तुमच्या टेबलावरच्या यंत्रात काहीच बिघडलं नाही. तेव्हा यंत्राचा हिशेब वेगळा मांड, ऑपरेटिंग सिस्टिमचा वेगळा मांड, आणि समोर येईल त्या पर्यायाला एकच प्रश्न विचार: उद्या या सिस्टिममध्ये एखादी पळवाट सापडली, तर ती या यंत्रावर बुजवायची जबाबदारी कोणी घेतली आहे, आणि किती दिवसांसाठी? माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला ते तपासता येईल. यंत्र ठेवा, डिस्क बदला, रॅम वाढवा आणि त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घाला. मात्र त्याआधी दोन-तीन गोष्टी नीट पाहायला हव्यात, आणि त्यातली एक इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी हे सगळं एक महिना लांबलं तरी चालेल.

‘चालतोय तोवर चालू द्या’ हे मत सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, म्हणून त्याकडे आधी पाहू. संगणक सुरू होतो, बिलं छापतो, मग अडलं कुठे? अडलं ते नजरेला न दिसणाऱ्या जागी. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करतं. विंडोज १० आणि ११ यांचा आतला बराच भाग समान आहे. त्यामुळे विंडोज ११ साठी आलेली दुरुस्ती ही बऱ्याचदा विंडोज १० मध्ये अजून उघडं दार कुठे आहे याची खूणही ठरते. ती खूण वाचणारे लोक आहेत. २०१७ चं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये विंडोजच्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती आली. मे महिन्यात त्याच दोषातून वॉनाक्राय हा घातक प्रोग्राम जगभर पसरला, आणि जूनच्या शेवटी नॉटपेट्या या तशाच दुसऱ्या प्रोग्रामने इतर मार्गांबरोबर तोच मार्ग वापरून मर्स्क या जहाज कंपनीचा कारभार ठप्प केला. तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा-शेव्याचं टर्मिनल त्यात सापडलं आणि जेएनपीटीतली कंटेनरची ये-जा अडकली. दुरुस्ती उपलब्ध असूनही जिथे ती बसवली नव्हती, तिथली ही गत. जिथे दुरुस्ती येणारच नाही, तिथे काय भरवसा? शिवाय ब्राउझरवाले काही काळाने जुन्या विंडोजची साथ सोडतात. विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्ये संपली, आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने १०९ व्या आवृत्तीनंतर त्या विंडोजवर येणं थांबवलं. बँकेची साइट जुन्या ब्राउझरवर उघडेनाशी होते तेव्हा सगळ्यांना जाग येते, पण धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

यावर कमिटीतलं कोणीतरी म्हणेल, ‘आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? मेंटेनन्सची बिलं!’ त्यांना त्या संगणकातले फोल्डर उघडून दाखव. आय नमुन्यातली सभासद नोंदवही, जे नमुन्यातली यादी, नॉमिनेशनचे अर्ज, भाडेकरूंचे करार, आधार आणि पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, सह्यांचे नमुने, सगळ्यांचे मोबाइल नंबर, आणि सोसायटीचा ईमेल. त्या ईमेलवरून ‘आपलं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचा मेंटेनन्स पुढील खात्यात भरावा’ असं पत्र गेलं, तर त्यावर किती सभासद शंका घेतील? हे कागद लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेले आहेत. ते जपणं हे ऑडिटला हिशेब देण्याइतकंच कमिटीचं काम आहे.

आता विंडोज ११ ची युक्ती. त्या सिस्टिमला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट लागतं, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ नंतरचे लागतात. तुमचं यंत्र २०१३-१४ च्या पिढीतलं. ही अट निव्वळ नवे संगणक खपवण्यासाठी घातली, असं मी म्हणणार नाही. पासवर्डच्या किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवण्याला खरोखर अर्थ आहे. अट चुकवून विंडोज ११ घालता येतं, पेन ड्राइव्ह बनवतानाच तशी सोय करून देणारी रुफससारखी साधनं आहेत, आणि ते बऱ्यापैकी चालतंही. पण आपला प्रश्न लाव. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की अशा यंत्रांना अपडेटचा हक्क नाही, सुरक्षेच्या अपडेटचाही नाही. आज ती येत असतील, उद्याचं वचन कोणी दिलेलं नाही. २०२४ च्या आवृत्तीने प्रोसेसरमधली एक सूचना सक्तीची केली आणि काही फार जुन्या यंत्रांवर ती आवृत्ती सुरूच होईना. तुमच्या प्रोसेसरमध्ये ती सूचना आहे. पण दार असंही बंद होऊ शकतं, हे त्यावरून कळतं. घरच्या संगणकावर कोणी हौसेने हे करावं. चाळीस कुटुंबांचे कागद असलेल्या यंत्रावर करू नये. दुसरी सोय आहे वाढीव देखभालीची. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. संस्थांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. इथे दुरुस्तीची जबाबदारी कोणीतरी घेतो, हे खरं. पण दोन-तीन वर्षांत तेवढ्या पैशात जे विकत घेता येईल, ते पाहता हा मार्ग फक्त वेळ काढण्याचा आहे. तयारीला वेळ हवा असेल तरच तो घ्यावा.

नवी सिस्टिम घालण्याआधी यंत्राची तपासणी कर. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट होण्याआधीच रिडेव्हलपमेंटच्या गप्पा सुरू झाल्या, तर तू सभेत उठून विरोध करशील ना? इथेही तेच. हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, पाहा. त्यात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालव. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आहेत का पाहा, पंख्यातली धूळ काढ, एसएमपीएस गरम होऊन वास येतो का बघ. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात रॅमचे संपर्कबिंदू काळवंडतात. ते खोडरबराने हलके घासले की संगणक चालू न होण्याच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. मदरबोर्डवर बटणाच्या आकाराचा सीआर२०३२ सेल असतो, तो अगदी स्वस्त आहे, तो बदलूनच टाक. तो मेला की घड्याळ मागे जातं आणि मग सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं अवैध दिसू लागतात. लोक मात्र दोष इंटरनेटला देतात. आणि ‘फार स्लो आहे’ ही जी तक्रार आहे, तिचं मूळ जवळजवळ नेहमी फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असतं. तिला विखुरलेल्या लहान लहान फाइल वाचायला सांगितल्या, तर तिचा काटा सेकंदाला शे-दीडशे जागीच पोचतो. साध्या साटा एसएसडीला तीच कामं हजारोंनी जमतात. प्रोसेसर बिचारा बराच वेळ डिस्कची वाट पाहत थांबलेला असतो. एक २५६ जीबीची एसएसडी आणि आणखी ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम घातली की पत्रव्यवहार, ईमेल, बँक, स्कॅनिंग एवढ्या कामाला हे यंत्र सहज पुरतं. ही रॅम आता नवी क्वचित मिळते. लॅमिंग्टन रोडला वापरलेली मिळते, पण दुकानातच लावून तपासून घे.

आता लिनक्स मिंटला तोच प्रश्न विचार. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार, असं बनवणाऱ्यांनी जाहीर केलं आहे. त्यासाठी टीपीएम लागत नाही, २०१७ नंतरचा प्रोसेसर लागत नाही. २ जीबी रॅमवर ते चालतं आणि ४ जीबीवर बरं चालतं. त्याचं एक्सएफसीई हे हलकं रूप घे. सी-डॅक या सरकारी संस्थेचं डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्सही आहे आणि त्यात भारतीय भाषांकडे मुद्दाम लक्ष दिलेलं आहे. तरी मी मिंट सुचवतो, कारण अडलं तर उत्तर शोधताना त्याचे वापरणारे जास्त भेटतात. लिनक्सला व्हायरस लागत नाही, असं मात्र कोणाला सांगू नकोस. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं होतं. ते बहुतेक ठिकाणी पोचण्याआधी पकडलं गेलं, पण अपडेट करणं तिथेही चुकत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणतो ती मराठीची. तुमची जुनी इतिवृत्तं, नोटिसा, उपनिबंधकांना पाठवलेली पत्रं बहुधा श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील. त्या काळी ‘क’ हे अक्षर फाइलमध्ये ‘क’ म्हणून साठवलं जात नव्हतं. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेला फॉन्ट असे. फॉन्ट काढला की उरतात ती निरर्थक रोमन अक्षरं. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसेल तर तिथेही तेच होईल, म्हणजे हा दोष लिनक्सचा नाही. पण सिस्टिम बदलताना तो अचानक समोर येतो आणि खापर नव्या सिस्टिमवर फुटतं. म्हणून जुनं विंडोज आणि त्यावरचं ते सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच सगळी इतिवृत्तं युनिकोडमध्ये बदलून घे. असा मजकूर बदलून देणारी परिवर्तकं मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी इथे ती चुकतात, तेव्हा प्रत्येक महत्त्वाचा ठराव डोळ्यांनी वाचावा लागेल. बदललेल्या मजकुराबरोबर मूळ पानाची पीडीएफही ठेव, म्हणजे पुढे वाद झाला तर ताडून पाहता येईल. हेच ते काम, ज्यासाठी महिना लागला तरी लागू दे. एकदा हे झालं की ‘गळती’ हा शब्द टाकून गेल्या वीस वर्षांतले सगळे ठराव शोधता येतील, आज ते शक्य नाही. पुढच्या टायपिंगचं म्हणशील तर मिंटवर इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि उच्चारानुसार टाइप करायची पद्धतही आहे. लोहित किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हे फॉन्ट मोफत मिळतात. तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा हात जुन्या टंकयंत्राच्या कळफलकावर बसलेला असेल, तर त्यांना आधी पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या मिंटवरच टाइप करून पाहू दे. त्यांची अडचण खरी असेल, तिला आडमुठेपणा म्हणू नकोस.

हिशेबाचं काय, ही हरकत सगळ्यात भक्कम आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि सरकारी साइटवर डिजिटल सही करायची टोकनं विंडोजवर जितकी सुरळीत चालतात तितकी लिनक्सवर चालत नाहीत. तुमचा हिशेबनीस ऑफिसात येऊन याच यंत्रावर टॅली भरत असेल, तर माझा सल्ला बदलतो: मग आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, कंपन्यांकडून परत आलेला, दुरुस्त केलेला संगणक घ्या, तो अधिकृतपणे विंडोज ११ चालवेल आणि नव्याच्या मानाने बराच स्वस्त पडेल. पण बऱ्याच सोसायट्यांत हिशेब बाहेरच्या माणसाच्या संगणकावर असतो आणि ऑफिसात फक्त पीडीएफ येते. तुमच्याकडे नक्की काय आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. प्रिंटरचंही तसंच. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटवर लगेच चालू होतात. पण आपल्याकडच्या निम्म्या ऑफिसांत दिसतो तो कॅननचा एलबीपी २९०० असेल, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं किचकट आहे. तो आधी छापून दाखवेल तरच पुढचं.

‘तू कमिटीतून गेलीस की हे कोण बघणार?’ असं तुला विचारतील, आणि तो प्रश्न योग्य आहे. गल्लीतला संगणक दुरुस्त करणारा विंडोज फॉरमॅट मारून देतो, लिनक्सला हात लावत नाही. यावर माझं म्हणणं असं की रोजच्या वापरात बाईंना शिकायचं असतं ते फाइल कुठे ठेवायची, पत्र कसं लिहायचं, मेल कसा पाठवायचा आणि अपडेटची खूण दिसली की काय दाबायचं, एवढंच. ब्राउझर तोच असतो. लिबरऑफिस शिकायला पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे मोफत आहेत. लिनक्स आपल्या भागाला परकं नाही. जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात यासाठी या शतकाच्या सुरुवातीलाच काम झालं. आणि केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षं मुलं आणि शिक्षक लिनक्सच वापरत आहेत. ते काही सगळे संगणकतज्ज्ञ नाहीत. तिथे ते टिकलं, कारण शिक्षकांना शिकवलं आणि अडल्यास विचारायला जागा ठेवली. तुलाही तेच करावं लागेल. दोन पानांची टिपणी मराठीत लिही, पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेव, त्याची नोंद इतिवृत्तात कर आणि आणखी एका सभासदाला सोबत घेऊन सगळं कर. असा दुसरा माणूस मिळालाच नाही, तर मात्र माझा हट्ट नाही. मग दुरुस्त केलेल्या संगणकाचा मार्ग बरा.

राहिला नवा संगणक. चाळीस घरांत खर्च वाटला तर घरामागे फार येत नाही, हे मान्य. पण नवा आणल्याने जुनी इतिवृत्तं युनिकोडमध्ये जाणार नाहीत, बॅकअप आपोआप होणार नाही, आणि जुन्या यंत्राचं काय करायचं हे उरतंच. ते भंगारवाल्याला दिलं की साकीनाका किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांकडे जाण्याची शक्यता मोठी. तांब्यासाठी वायरी जाळणं आणि सोन्यासाठी पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवणं ही कामं तिथे वर्षानुवर्षं होत आली आहेत, आणि तो धूर तिथल्याच माणसांच्या छातीत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आला. एका कॅबिनेटने या आकड्यात काय फरक पडतो, असं म्हणता येईल. पण आपल्या हातात असतं ते एकच कॅबिनेट. जुन्या यंत्राला वीज जास्त लागते, ही हरकत मात्र मोजून पाहण्यासारखी आहे. फरक ४० वॉटचा धरला, दिवसाला चार तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर वर्षाला ४८ युनिट होतात. महावितरणच्या बिलात ते कळणारही नाही. संगणक चोवीस तास सीसीटीव्हीसाठी चालू ठेवत असाल, तर हे गणित उलटतं.

काम करताना जुन्या हार्ड डिस्कवर मिंट घालू नकोस. ती काढून ठेव आणि मिंट नव्या एसएसडीवर घाल. म्हणजे काही फसलं तर जुनी डिस्क लावून दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं, आणि कमिटीलाही धीर येतो. त्याआधी सगळ्या फाइलची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर घे, एक ऑफिसाबाहेर ठेव, आणि त्यातल्या काही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क वेगळे काढ. मिंटची फाइल त्यांच्याच साइटवरून घे आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, जुळवून पाहा. मग पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू कर, काहीही न बसवता, आणि त्याच अवस्थेत एक दिवस काम करा: एक नोटीस मराठीत टाइप करा, छापा, एक कागद स्कॅन करा, बँकेची साइट उघडा, आवाज आणि नेट तपासा. हे सगळं जमलं तरच बसव. तीन-चार महिने सुरळीत गेल्यावर जुनी डिस्क बाद करायची असेल, तर नुसती फॉरमॅट करून भंगारात देऊ नकोस, त्यावरचा मजकूर परत काढता येतो. संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून घे, आणि ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच दे.

सर्वसाधारण सभेआधी मला तीन गोष्टी कळव: प्रिंटरचं मॉडेल, टॅली याच यंत्रावर आहे का, आणि स्मार्ट अहवालातला बदललेल्या सेक्टरांचा आकडा. इतिवृत्तांच्या एक-दोन जुन्या फाइल फॉन्टसकट पाठवल्यास तर कुठलं परिवर्तक कमी चुकतं हे मी इथे पाहून ठेवतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा